आतडी

ईस्टरच्या आदल्या दुपारी
थेमेलिना अंगणातल्या नळाखाली
कोकराची आतडी धुते.
विणायच्या सुईवर एक टोक चढवायचं
आणि मोजा उलटावा तशी उलटत न्यायची सगळी लांबी.
मग मीठ, लिंबू, परत पाणी.
मध्यरात्री हातातल्या मेणबत्त्या विझू न देता
लोक टेकडीवरून घरी उतरतील,
तोवर सूप झालेलं हवं.

धाकटा, मिकेस, पायरीवर.
मांडीवर शब्दकोश, दाढी अजून विरळ.
पुढच्या वर्षी डीकन व्हायचंय,
आणि निबंधाला वाट्याला आलंय एकच क्रियापद :
स्प्लांख्निझोमाइ.
"शुभवर्तमानांत बारा वेळा येतं, आई."
"अर्थ काय?"
"दया येणे."
"मग दया म्हणावं. जिभेला एवढे पीळ कशाला?"

तो परातीकडे बोट दाखवतो.
काळीज, फुप्फुसं, प्लीहा,
नळाखाली गार पडत चाललेला ढीग.
हा शब्द इथला, सांगतो तो,
जुन्या देवांपुढे बळी कापला
की आधी हेच भाजून खायचे,
ह्याला म्हणायचे स्प्लांख्ना.
आणि मग कुणीतरी ह्याचंच क्रियापद केलं.
म्हणजे रस्त्याकडेला अर्धमेला माणूस दिसला
तेव्हा परक्या वाटसरूच्या मनात काही आलंच नाही;
मनाला कळायच्या आत
खाली, जेवण जिरतं तिथं,
काहीतरी उलटं झालं.

(आपण कळवळा म्हणतो
आणि विसरतो
की त्यातली पहिली दोन अक्षरं कळ आहेत.)

"हे शिकायला सालोनिकाला पाठवलं तुला,"
थेमेलिना म्हणते, "बोटीचं भाडं भरून.
मला विचारायचंस.
दोन बाळंतपणं झालीत माझी."
आणि सवयीनं जोडते, स्प्लाख्नो मू,
माझ्या पोटच्या गोळ्या,
ज्या हाकेनं ती त्याला रोज उठवायची,
आणि त्याच्याआधी
दुसऱ्याला.

दुसऱ्याचं नाव ह्या घरात घेत नाहीत.
साकेलारिसनं बापाची नाव विकली
बाप इस्पितळात असताना,
समुद्रानं पाय काढून घेतल्याच्या तिसऱ्या आठवड्यात.
डार्विनला गेला. मयताला आला नाही.
एक कार्ड आलं होतं, कांगारूचं,
ते तिनं चुलीत घातलं
आणि नंतर मिकेसनं पाहिलं, तिकीट तेवढं
कापून ठेवलेलं, बटणांच्या डब्यात.

चारची बोट भोंगा देते.
शेजारची पोर धापा टाकत फाटकात :
"थेमेलिनाकाकू, साकेलारिस उतरलाय!
टक्कल पडलंय त्याला!
धक्क्यावर बॅगेवर बसलाय नुसता, वर येईना."

मिकेसला ती गोष्ट पाठ आहे :
मुलगा अजून दूर असतानाच
बापानं त्याला पाहिलं, आणि (इथंच, नेमकं इथं,
येतं ते क्रियापद) तो धावला.
तो आईकडे बघतो.
आई धावत नाही.
सुई घेते, टोक चढवते, चुकतं,
पुन्हा चढवते.
मिकेसच्या स्वतःच्या पोटात
काही म्हणजे काही हलत नाही,
नऊ वर्षं इथं राहिलेल्या माणसाच्या पोटातला
एक गुळगुळीत धोंडा तेवढा.

मग नळ तसाच वाहता सोडून
ती भिंतीला टेकते.
मिठानं पांढरा झालेला ओला हात
ॲप्रनवर, बेंबीच्या खाली, दाबून धरते,
जणू तिथून कुणी
हात घालून सबंध लांबी उलटवतंय.
"काय होतंय?"
"काही नाही. उपास बाधला."

डोंगरावर पोरांनी सुरुंग उडवायला सुरुवात केलीय,
सणाची घाई. खिडक्या थरथरतात.

"लिंबं संपली," ती म्हणते, त्याच्याकडे न बघता.
"जा, दोन घेऊन ये.
धक्क्यावरच्या दुकानातून आण,
इथली कोरडी असतात."

अंगणात, तिच्या डोक्यावर,
लिंबोणी ओझ्यानं वाकलीय, पिवळीधमक.
मिकेस वर बघतो. मग खाली.
कोश पायरीवर उघडाच ठेवतो
आणि चपला शोधू लागतो, अगदी सावकाश.